महिषासुराची मऊ शिंगं

"ओवीला आपण महिषासुर करू. तिला मेकअपही फारसा लागायचा नाही," मंजुषा सगळ्या आयांसमोर हसत म्हणाली. दोघीचौघी हसल्याही. ओवी, माझी आठ वर्षांची पोर, पायांत घुंगरू बांधून तिथंच उभी होती.

मंजुषा आमच्या इंदिरानगरातल्या कॉलनीत नाचाचा क्लास चालवायची. नवरात्रात देवी आणि महिषासुराचं नृत्य बसवायचं तेही तिनंच. तोंडावर मी तिला ताई म्हणायचे, मनात काय म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही. वर्गात तालाला सगळ्यांत पक्की ओवी, हे तिनंच मला सांगितलं होतं. पण देवी झाली तिची भाची, कारण भाची गोरी. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी एवढंच म्हणाले की चालेल की ताई, शिंगं मी घरी करते. भांडले असते तर तिनं ओवीला नाचातूनच काढलं असतं, आणि पोर नाचासाठी जीव टाकायची. शिवाय भांडून काय मिळणार होतं? देवीकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही अशी शिंगं करायची आणि भर मांडवात या बाईचं नाक कापायचं, असं मी घराचा जिना चढता चढताच ठरवलं.

मागच्या वर्षीची शिंगं कागदाच्या लगद्याची होती. ती घालून नाचलेला मुलगा पुढे आठवडाभर मान वाकडी करून शाळेत जायचा. नाचाच्या शेवटी देवी राक्षसाचं शिंग धरते, डोकं खाली दाबते आणि त्रिशूळ मारते. म्हणजे शिंग हे देवीच्या हातातलं हँडलच. मला ते हँडलच ठेवायचं नव्हतं.

पहिली जोडी मी थर्माकोलची केली. तासून तासून झकास वळण आणलं आणि चिकटवायला पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन लावलं, तर माझ्या डोळ्यांदेखत थर्माकोल विरघळून गेला. मग गादीवाल्याकडून फोम आणला. कात्रीनं निमुळते तुकडे कापले आणि दोन तुकड्यांच्या मध्ये द्राक्षाच्या पेट्यांना बांधतात ती प्लास्टिकची पट्टी घातली. ती पट्टी कितीही वाकवा, सोडली की पुन्हा जागेवर येते. वरून माझे जुने नायलॉनचे मोजे ताणून बसवले, फेविकॉलमध्ये काळा फॅब्रिक कलर कालवून हात दिले आणि टोकं सोनेरी केली. हनुवटीखालून घ्यायला रुंद इलॅस्टिक लावलं. दोन्ही शिंगं मिळून एका फुलक्याएवढी हलकी झाली होती. मंजुषा रोज विचारायची, आणि मी रोज सांगायचे की रंग वाळतोय.

ओवीला मी बजावलं होतं, देवीनं वाकवल्याशिवाय वाकायचं नाही. देवी रागावेल का, असं तिनं विचारलं. देवीचं मी बघून घेते, म्हटलं.

अष्टमीला संध्याकाळी कॉलनीचा मांडव गच्च भरला होता. ओवी आली आणि पुढची पोरं किंचाळलीच. तिच्या प्रत्येक पावलाबरोबर ती शिंगं डुलत होती, गिरकी घेतली की भोवती फिरत होती, आणि पोर एकदम मोठी दिसत होती. मखमलाबादहून मांडवाला झेंडूच्या माळा देणाऱ्या साळूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, "राक्षस लय गुणाचा हाय गं बाई."

शेवटी भाचीनं शिंग धरलं आणि खाली दाबलं. शिंग वाकलं, डोकं जागचं हललं नाही, आणि हातातून सुटलेलं शिंग टुणकन पुन्हा उभं राहिलं. मांडव हसला. तिनं दुसरं शिंग दोन्ही हातांनी ओढलं. तेही सुटलं. विंगेतून मंजुषा दातओठ खात हातानं 'पड, पड' करत होती, पण ओवीचे पाय तालातच पडत होते. भाचीचा त्रिशूळ उलटा झाला, मुकुट कानावर आला. शेवटच्या समेवर ओवीनं स्वतःच झोकात अंग टाकलं, आणि टाळ्या तिलाच पडल्या.

नाच झाला की बायका देवी झालेल्या मुलीची ओटी भरतात, ही आमच्या कॉलनीची जुनी रीत. त्या दिवशी अर्ध्या बायका हातात नारळ घेऊन ओवीभोवतीच उभ्या होत्या आणि पोरं शिंगांना हात लावायला मारामारी करत होती. मला इतका आनंद झाला की मी तो लपवलाही नाही. मंजुषाकडे बघून चांगली तोंडभर हसले.

ती आली. तिनं ओवीचा गाल कुरवाळला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं? हिला हेच शोभतं. आता दरवर्षी ओवीच आमचा महिषासुर."

खरंच हो, खरंच, असं म्हणत बायकांनी माना डोलावल्या. तिचं म्हणणं खरं करून दाखवायला मीच तर इतके दिवस राबले होते. कौतुक केल्यासारखं करून तिनं पोरीला कायमची राक्षसात ढकलली होती, आणि मी हसरं तोंड घेऊन तिथंच उभी होते.

ओवीला मात्र सगळं कळलं. तिनं मान खाली घातली आणि धावत जाऊन मंजुषाच्या पोटात धडक मारली. शिंगं तिच्या साडीवर गप्पकन दुमडली आणि पुन्हा उभी राहिली. मंजुषा हसायला लागली, अगं किती गोड, म्हणाली. मग सगळ्याच हसल्या. ओवीनं मागे सरून पुन्हा धडक मारली. पुन्हा तेच झालं, आणि हसणं वाढलं.

ती माझ्याकडे आली तेव्हा डोळ्यांतलं पाणी गालांना फासलेल्या काळ्या रंगातून ओघळत होतं.

"आई, तिला लागतच नाहीये."

मी खाली बसून तिच्या हनुवटीखालचं इलॅस्टिक सोडवलं. शिंगं करताना मी ओवीच्या मानेचा विचार केला होता, देवीच्या हातांचा केला होता. मंजुषाच्या पोटाचा तेवढा राहून गेला होता.