थोरलीच्या गळ्यातली घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो, आणि माझं अर्धं आयुष्य एका खेचराच्या गळ्यात गेलं. एका ओताऱ्याने पिचलेली परात आणि दाराच्या दोन कड्या वितळवून मला ओतलं. मी पहिल्यांदा वाजले तेव्हा डोंगरावरचे ढग अंग चोरून बाजूला झाले. खोटं वाटत असेल तर ढगांना विचारा.

माझी मालकीण थोरली. खिंडीतून मिठाची आणि औषधांची पोती वाहणाऱ्या खेचरांच्या तांड्यात ती सर्वांत पुढे चाले. धुक्यात कुणाला कुणी दिसत नसे. सगळे माझ्या आवाजामागून येत. झोपेत चालावं तसा आमचा तांडा ढगांतून तरंगत जाई.

खिंडीच्या वळणावर एक खडबडीत खडक होता. तिथे थोरली रोज थांबे आणि शेवटचं खेचर येईपर्यंत हलत नसे. तांड्याच्या म्हाताऱ्या मुकादमांना सगळे आबा म्हणत. ते डोळे पुसत म्हणायचे, "बघा रे! मुकं जनावर, पण कुणाला मागे टाकत नाही."

आता गळ्यातल्या घंटेपासून काय लपणार? थोरलीच्या पाठीला खाज सुटायची, आणि तो खडक खाजवायला झकास होता! पण मला विचारतो कोण?

बघता बघता माणसंच बदलली. शेवटचा गडी आल्याशिवाय कुणी जेवायला बसेना. कुणी कुरकुरलं की दुसरा म्हणे, "थोरलीला काय वाटेल?" बिचारीला चाऱ्यापलीकडे काही वाटत नसे.

मग एका दुपारी धुकं दुधासारखं दाटलं, बर्फही भुरभुरू लागलं. आबांची सून एका लंगड्या खेचराला घेऊन मागे राहिली होती. वाट हातभर रुंद, कडेला दरी. इकडे थोरलीने पाठ घासली, तृप्त झाली आणि चालू लागली.

"चला, थोरली निघाली!" तांड्यातला एक उतावळा गडी ओरडला. त्याला सगळे वाफ म्हणत.

"अरे, वहिनी कुठाय?" कुणीतरी विचारलं.

आबा जागचे हलले नाहीत. "थोरली असं करायची नाही."

"आबा, केलं की तिने! ती बघा चालली."

"येईल परत. आणि नाही आली, तर तिच्या वाटणीचं आपण थांबू."

कुणीच हललं नाही. वाफसुद्धा. दहा पावलांवर थोरली थबकली. मागे टापांचा आवाज नव्हता. तिने मान वळवली. धुक्यात सगळे तिच्याकडेच बघत उभे होते, लेकरं आईकडे बघतात तसे. ती मुकाट्याने परत आली. खडकाला पाठ न लावता उभी राहिली आणि मान हलवून मला वाजवू लागली. अशी वाजले मी, की दरीचे कान किटले!

कितीतरी वेळाने अडखळत्या टापा ऐकू आल्या, आणि धुक्यातून वहिनी उमटली.

"मी दरीकडेच चालले होते हो," ती धापा टाकत म्हणाली. "घंटा ऐकली म्हणून वळले. माझ्यासाठी थांबलात?"

"आम्ही कुठले! थोरली थांबली," वाफ म्हणाला, आणि नाक पुसायला पाठमोरा झाला.

त्यानंतर जिथे खडक नव्हता तिथेही थोरली थांबू लागली. असं का, ते मला आजवर उमगलेलं नाही.

पुढे सडक झाली. म्हातारी थोरली एका सकाळी शांतपणे गेली. मी कोनाड्यात पडले, अंगावर हिरवा गंज चढला. तांड्याकडे आता ट्रक आहेत, आणि प्रत्येकावर थोरलीचं चित्र आहे: छाती पुढे, मान ताठ, नजर दूर समोर. देखणं आहे, पण चुकलंय, मित्रांनो. मला घासूनपुसून लख्ख केलं नाहीत तरी चालेल. तेवढं चित्र दुरुस्त करा. तिची मान मागे वळलेली काढा, आणि नजर धुक्यात, अजून कुणीतरी यायचं राहिलंय अशी.