फसली ११८४
लुंबिनीनं मुंबईच्या तज्ज्ञाचं म्हणणं सांगितलं तशी मी इतकी हसले की स्टाफरूममधल्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या.

तिच्या घरच्या जुन्या तैलचित्राच्या मागं 'सन ११८४ फसली' असं लिहिलेलं. तज्ज्ञसाहेब म्हणे, एवढ्या जुन्या काळात तैलरंग कुठले? कुणीतरी बनाव केला अन् घेणारी बाई फसली!

"अगं, कोण फसली? निजामाच्या राज्यातलं साल आहे ते. पाचशे नव्वद मिळव. सतराशे चौऱ्याहत्तर! त्या साली चित्र इकडं आलं, म्हणजे काढलेलं त्याच्याही आधीचं. आमच्या घरी जमिनीच्या कागदांवर फसलीशिवाय दुसरं सालच न्हाई," मी ऐटीत म्हणाले.

लातूरला मी चित्रकला शिकवते, लुंबिनी विज्ञान. गाव दोघींचं एकच, कंधारजवळचं. आमचं घर पाटलाचं, तिचं बौद्धवाड्यातलं. चित्र तिच्या आजीकडं, धुरपताबाईंकडं होतं. विलायती कुरण, मेंढ्या, अन् झाडाखाली बसलेली राखणीची पोरगी. सालाचा घोळ मिटल्यावर म्युझियमला ते हवं होतं, खाली आजीचं नाव लागणार होतं. अडलं होतं एवढंच की ते या घरात आलं कसं, हे लिहून द्यायचं होतं.

रविवारी दोघी गावी गेलो. धुरपताबाई काही केल्या सांगेनात.

"सोड की माय. जुनं कशाला उकरायलीस?"

माझं डोकं लवकर फिरतं. "आजी, सांगितलं न्हाई तर लोक चोरीचं म्हणतील!"

लुंबिनीनं माझ्याकडं असं पाहिलं की जीभ चावली मी. पण बोलून बसले होते.

"चोरी?" धुरपताबाई ताठ बसल्या. "तुझ्याच घरचं हाय ते, सिंधुबाई. तुझा पणजा त्याच्याखाली मेला. मी नवी नवरी व्हते, आमी बौद्ध व्हायच्या आदीची गोष्ट. मढ्याच्या खोलीतलं घरात ठेवायचं न्हाई म्हणून गादी, उशी, पांघरूण, भिंतीवरलं हे, समदं माझ्या सासऱ्याच्या अंगावर टाकलं. गावच्या मयताचं आमच्याकडंच यायचं. गादी जाळली त्यानं. ह्या पोरीचं तोंड बघून चित्र काय जाळवंना त्याला."

कुठं तोंड लपवावं असं झालं मला. घराण्याच्या कागदांचा तोरा मिरवला मी, अन् वर यांनाच चोर म्हटलं. अन् लुंबिनीला हे सगळं ठाऊक होतं का, हे विचारायचीही सोय राहिली न्हाई.

लुंबिनीनं माझ्यापुढं कागद ठेवला. "तुमच्या घरचं होतं. तूच लिही."

आजीच्या सासऱ्यांचं नाव मला विचारावं लागलं. भीमा. मग लिहिलं, 'हे चित्र आमच्या घराण्याने भीमा यांना भेट दिले.' वाचून दाखवलं.

"भेट?" धुरपताबाई म्हणाल्या. "भेट माणसाला देतेत, बाई. आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं तुमच्या घरी. टाकलं म्हणून लिव्ह."

"आजी, हे म्युझियमच्या भिंतीवर लागंल. सगळे वाचतील. आमचे आप्पा..."

"वाचू दे की."

आप्पांचं, माझ्या वडलांचं, तोंड डोळ्यापुढं आलं. त्यांच्या नावामागं दडायला निघाले होते मी. लाज तर माझीच होती. 'भेट' खोडलं. नवं वाक्य लिहिलं, खाली आडनावासकट सही केली अन् कागद न वाचताच लुंबिनीकडं सरकवला.

"असं न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."

"मयताच्या खोलीतलं अशुभ म्हणून आमच्या घराण्यानं हे चित्र टाकून दिलं..." एवढं वाचून मी कागद खाली ठेवला. लुंबिनी हात पुढं करून कागद घ्यायला लागली, तशी धुरपताबाईंनी तिला अडवलं.

"तिलाच वाचू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्याचं नाव पुढं हाय. तुमच्या घरच्या तोंडून एकदा ऐकायचंय मला."