एकशे अठरा टक्के

धरमसिंगच्या फुफ्फुसांचा निकाल पालिकेच्या नोंदवहीत एकशे अठरा टक्के असा लिहिला होता, आणि त्या आकड्यानंच त्याचा घात केला. आकडा त्याचा नव्हताच. तो प्रसेनजितचा होता, आणि ही गोष्ट अग्निशमन गाडीवरच्या चौघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

चौघेही कंत्राटी. अठ्ठेचाळीस वर्षांचा धरमसिंग गाडी चालवायचा आणि वयानं मोठा म्हणून सगळ्यांवर त्याचाच शब्द चालायचा. भाऊसिंग आणि विनोद पाइप धरायचे. इंझोरीचा प्रसेनजित सगळ्यांत लहान, सव्वीसचा. बी.एस्सी. होऊन तो गाडीवर लागला, म्हणून बाकीचे त्याला कधी सायंटिस्ट म्हणत, कधी नुसतंच बापू.

फेब्रुवारीत शेलूबाजारच्या अलीकडे हमरस्त्यावरच्या एका गोदामाला आग लागली. आत ठिबकच्या नळ्या, पीव्हीसीचे पाइप, गोण्यांच्या थप्प्या आणि दोन हमाल. वर सिमेंटचे जुने पत्रे. ते तापून तडातड फुटत होते आणि त्यांची पांढरी भुकटी खाली कामाला लागलेल्यांच्या डोक्या-खांद्यांवर बसत होती. गाडीवर श्वास घ्यायचं सिलिंडर एकच होतं. ते रिकामं होऊन सहा महिने झाले होते. धरमसिंगनं दुपट्टा पाण्यात बुडवून तोंडाला गुंडाळला आणि तो तीनदा आत गेला. एका हमालाला त्यानं खांद्यावर टाकून बाहेर आणलं. दुसरा भिंतीखाली सापडला. त्याला काढायला तीन दिवस मलबा उपसावा लागला. खाली प्लास्टिक धुमसतच होतं, आणि फावडं मारलं की पिवळट धूर वर यायचा.

जिनिंगमध्ये, दाळमिलमध्ये धुळीत काम करणाऱ्याला संध्याकाळी गुळाचा खडा द्यायची इकडची रीत आहे. गूळ छातीतली धूळ ओढून नेतो म्हणतात. पालिकेनंही तीन दिवस गुळाची भेली पाठवली. अन्ननलिका वेगळी आणि श्वासनलिका वेगळी, हे प्रसेनजितला माहीत होतं. अकरावीत त्यानं दोन्हींची आकृती काढून नावं दिली होती. तरी तो गूळ खायचा. गोडानं घशातली आग कमी व्हायची, आणि सगळे खात असताना आपण शहाणपणा काय दाखवायचा? पुढंही त्याची सवय राहिली. खिशात कागदात बांधलेला खडा असायचाच.

मार्चअखेर कंत्राट नवं करायच्या आधी तपासणीचं शिबिर लागलं. सफाई कामगार, शिपाई, वाहनचालक धरून ऐंशी माणसं आणि फुंकायचं यंत्र एक. तोवर धरमसिंगला जिना चढताना दोनदा थांबावं लागत होतं. त्यानं बाहेर उभं राहून एकदा खोल श्वास घेऊन पाहिला आणि खोकत खाली बसला. भाऊसिंग आणि विनोदची छातीही वाजत होती. निकाल वाईट आला तर कंत्राट जाणार, म्हणून जे ठरलं ते पाच मिनिटांत ठरलं. यंत्रावरचा माणूस बाहेरगावचा. तो यादीतून नाव पुकारायचा, मान वर करून पाहायचा नाही. प्रसेनजितनं दर वेळी टोपी बदलली आणि छातीवरची नावाची पट्टी बदलली. चार नावांसाठी तो चार वेळा रांगेत उभा राहिला. एका नावाला तीनदा फुंकायचं, म्हणजे बारा वेळा. शेवटी त्याला भोवळ आली.

“एका फुफ्फुसावर चार घरं चालून राह्यली,” भाऊसिंग म्हणाला होता. सगळे हसले. हसता हसता धरमसिंगला खोकला आला.

जुलैत धरमसिंग गाडीवरून उतरला तो परत चढलाच नाही. अकोल्याला नेलं तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी तपासून एक्केचाळीस टक्के सांगितले, आणि बिघाड धुरानं झालेला दिसतो असंही लिहून दिलं. त्या कागदावर पालिकेकडे अर्ज गेला. आजार कामावरच्या आगीनं झाला असं मानलं गेलं, तर धरमसिंगच्या औषधोपचाराचा खर्च पालिका करणार होती आणि त्याला फोनच्या टेबलावर बसायची नोकरी मिळणार होती. नाहीतर दोन्ही नाही. उत्तर चार ओळींचं आलं. आग फेब्रुवारीतली आणि मार्चमध्ये अर्जदाराची क्षमता एकशे अठरा टक्के, सबब आजाराचा आगीशी संबंध दिसत नाही. हरकत असल्यास सुनावणीला हजर राहावं.

दिवाळीनंतर सुनावणी होती. आदल्या संध्याकाळी प्रसेनजित धरमसिंगच्या घरी गेला. धरमसिंग पलंगावर तीन उशांना टेकून बसला होता. त्याची बायको शीलाबाई म्हणाली, चार महिने झाले, हे बसूनच झोपतात. आडवं झालं की पाण्यात पडल्यासारखं करतात.

“काका, मी उद्या खरं सांगून देतो,” प्रसेनजित म्हणाला.

धरमसिंगनं हातानंच थांब म्हटलं. बोलायच्या आधी त्याला हवा गोळा करावी लागायची. “काय सांगशीन? आमी सरकारले फसोलं म्हनून? तुयी नोकरी जाईन. भाऊसिंगची जाईन. त्याले दोन पोरी हायेत.”

“त्याईचं नाव मी घेत नाई. तुमचं अन् माहं, दोनच.”

“मी काय आता गाडी चालवनार हावो काय रे? माह्यासाठी तू कायले मरतं?”

शीलाबाई दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, “त्याले बोलू द्या. एवढे दिवस तुमचंच ऐकलं ना सगळ्याईनं.”

धरमसिंगनं डोळे मिटून मान उशीला टेकवली. प्रसेनजितनं निघताना ते मान्यता म्हणून धरलं.

सुनावणीला टेबलामागे मुख्याधिकारी होते आणि वैद्यकीय तपासणीसाठी बोलावलेल्या डॉक्टर वैजयंती मॅडम होत्या. त्या स्वतःचं फुंकायचं यंत्र घेऊन आल्या होत्या. धरमसिंग बाहेर बाकावर बसला. प्रसेनजितनं उभ्यानं सगळं सांगितलं. टोप्या, पट्ट्या, रांग. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, पुरावा काय? मार्चचे आलेख एटीएमच्या पावतीसारख्या कागदावर छापले होते. पत्र्याच्या कपाटात उन्हाळा काढून ते कोरे पडले होते. नोंदवहीत फक्त वय, उंची आणि टक्के उरले होते.

प्रसेनजित तेवढ्यावर तयारी करून आला होता. त्यानं वहीतलं पान पुढं केलं. टक्के म्हणजे माणसाची स्वतःची हवा नव्हे, तो समजावू लागला. यंत्र वय आणि उंचीवरून निरोगी माणसाचा एक आकडा धरतं आणि त्याच्याशी तुलना करतं. माझ्या वयाला माझा श्वास एकशे दोन टक्के भरला. तोच श्वास अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाच्या नावावर टाकला की एकशे अठरा होतात. उलटं गणित करा, दोन्हीकडे पहिल्या सेकंदाला तीन पूर्णांक सहा लिटरच निघतात.

मॅडमनी पान ओढून घेतलं, पेन्सिलीनं गुणाकार केला आणि मान हलवली. पण त्या तिथं थांबल्या नाहीत. नोंदवहीत बोट खाली सरकवत त्यांनी भाऊसिंगची ओळ घेतली, मग विनोदची. दोन्हीकडे तीन पूर्णांक सहाच. त्यांनी चष्म्यावरून प्रसेनजितकडे पाहिलं. आपल्या गणिताला दोन ओळींपुरतंच थांबता येत नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

मुख्याधिकारी म्हणाले, आकडे योगायोगानंही जुळू शकतात. पण हा श्वास याचाच असेल तर यानं आत्ता फुंकून दाखवावा. तीन पूर्णांक सहा आले की मी मानीन.

प्रसेनजितला हायसं वाटलं. एवढंच ना? इंझोरीच्या विहिरीत तळाशी बसून नव्वदपर्यंत मोजणारा तो एकटा होता. या मे महिन्यात मात्र तो चाळिसालाच वर आला होता. पाणी गार होतं, असं त्यानं पोरांना सांगितलं होतं आणि स्वतःलाही. त्यानं नळी ओठांत धरली, छाती भरली आणि सगळा जोर लावून फुंकलं.

मॅडम पडद्याकडे पाहत राहिल्या. “पुन्हा,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा शेवटाला खोकला आला. तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर पडली. अडीच लिटर. एकाहत्तर टक्के.

“म्हणजे मार्चचा श्वास याचा नाही,” मुख्याधिकारी म्हणाले.

मॅडमनी पट्टी हातात घेतली. त्यांनी प्रसेनजितला विचारलं, “तू गोदामात आत किती वेळ होतास?”

“मी आत गेलोच नाही मॅडम. बाहेर मलबा उपसत होतो. तीन दिवस.”

“तोंडाला काय होतं?”

“ओला रुमाल.” मग तो म्हणाला, “आणि गूळ खायचो.”

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. मार्चचा श्वास याचाच असू शकतो, त्या मुख्याधिकाऱ्यांना म्हणाल्या, आणि तसं असेल तर आठ महिन्यांत या मुलाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलाय. बाकीच्या दोघांना उद्या सकाळी बोलवा, आणि फुंकताना मी समोर असेन. मुख्याधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं. पण लिहिलं ते असं: दावा सिद्ध झाला नाही. संबंधित कर्मचाऱ्यानं तोतयेगिरी कबूल केल्यामुळे त्यास उद्यापासून कामावर घेऊ नये. इतर दोघांची फेरतपासणी करावी.

बाहेर धरमसिंग बाकावर तसाच पुढं वाकून, हात गुडघ्यांवर टेकून बसला होता.

“काय म्हनले?”

“नाई मानलं. मले फुंकाले लावलं होतं.”

“मंग? किती आलं?”

“एकाहत्तर.”

धरमसिंगनं मान वर केली. बराच वेळ तो प्रसेनजितच्या छातीकडे पाहत राहिला. “पन तू तं आत गेला नव्हता ना, बापू,” तो म्हणाला.

प्रसेनजितनं त्याला धरून ऑटोत बसवलं. मग भाऊसिंगला फोन लावला. उद्या फुंकायला यायचंय, म्हणून सांगितलं. पलीकडून भाऊसिंग निवांतपणे म्हणाला, “येतो ना. टोपी आनू का? तूच फुंकजो.”

“नाई,” प्रसेनजित म्हणाला. “आता माह्याजवळ नाई तेवढी हवा.”

कागदाची पट्टी त्याच्या हातात होती. निघताना मॅडमनी बजावलं होतं, हिची झेरॉक्स काढून ठेव, हे अक्षर उन्हाळ्यात उडतं. झेरॉक्सचं दुकान समोरच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. तो अकराव्या पायरीवर थांबला, कठडा धरून उभा राहिला, आणि सवयीनं हात खिशात गेला. गुळाचा खडा बांधलेल्या कागदाला चिकटला होता. त्यानं तो तसाच राहू दिला, श्वास जागेवर येईपर्यंत वाट पाहिली आणि वर जाऊन सहा प्रती काढायला सांगितल्या.