कोरडा हौद

आपल्या मुलीच्या लग्नात घेतलेला पट्टा थोरल्याने कमरेचा काढला आणि धाकट्याच्या हातात दिला. लग्नाला दोन महिने झाले होते. पट्ट्याचे पितळी बक्कल अजून चकचकीत होते. कपडे बदलायच्या त्या खोपटाएवढ्या खोलीत दोघे भाऊ मावत नव्हते, तरी धाकटा आत घुसला होता, कारण दवाखान्याच्या झग्याच्या नाड्या पाठीमागे होत्या आणि थोरल्याची बोटे तिथवर पोचत नव्हती.

“वळ, दादा. नवऱ्या मुलीलासुद्धा नटायला एवढा वेळ लागला नव्हता.”

“सुई केवढी असते रे, बारक्या?”

“तुझ्या नाकाएवढी नसते. गप उभा राहा.”

थोरला वळून उभा राहिला.

दोघेही कापड रंगवण्याच्या कारखान्यात पिकले होते. थोरला निळ्या हौदावर, धाकटा लाल हौदावर. रंग नखात बसतो, तिथून पोटात जातो आणि खालून निघतो, असे तिथले सगळेच हसत हसत म्हणत. मुतारीत आपल्या आधी कोण येऊन गेला, हे रंगावरून ओळखायची पैज लागे. म्हणून थोरल्याला एके दिवशी लाल दिसले तेव्हा त्याने पैज लावली नाही. त्याच्या हौदात लाल नव्हतेच. बाप असाच लाल मुतत झिजत गेला होता. तोही लाल हौदावरचा, म्हणून तेव्हा कुणी काही मनावर घेतले नव्हते.

धाकट्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “माझ्या हौदावर डोळा होता वाटतं तुझा.” पण दुसऱ्या दिवशी त्यानेच हाताला धरून डॉक्टरकडे नेले, आणि डॉक्टरांनी पोटाचे फोटो काढायला इथे पाठवले. धाकट्याला सवडही होती. लग्नाच्या आठवड्यातच लाल हौदाला तडा गेला होता. तेव्हापासून हौद कोरडा होता आणि धाकटा गोदामात पांढऱ्या कापडाच्या घड्या घालत होता.

यंत्रावरच्या बाईंनी थोरल्याच्या हाताच्या शिरेत सुई बसवली. सकाळपासून काही खाल्ले नाही ना, कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठते का, असे त्यांनी विचारले.

“आधी नुसते फोटो काढू. मग शिरेतून औषध सोडू. ते मूत्रपिंडातून खाली पिशवीत उतरतं, म्हणून थोडं थांबून परत काढू. औषध गेलं की अंग गरम होईल, तोंडाला लोखंडासारखी चव येईल. कपड्यात लघवी झाली असं वाटेल. होत नाही. घाबरायचं नाही.”

“म्हणजे रंगच सोडता,” धाकटा दारातून म्हणाला.

“हो, पण यंत्रालाच दिसणारा. लघवी रंगत नाही त्यानं.”

“न दिसणारा रंग! दादा, मालकाला सांगू नकोस. त्यातही आपल्यालाच बुडवील.”

बाईंनी त्याला बाहेर घालवले आणि जाड दार लावून घेतले.

थोरल्याला निजवलेली फळी यंत्रात सरकली. त्याचे हात डोक्यावर होते. भोवतालचे यंत्राचे कडे गरगरू लागले. काचेपलीकडून बाईंचा आवाज आला, “श्वास घ्या. रोखून धरा.” त्याने धरला. सोडा म्हटल्यावरही त्याला सोडवेना. मग दंडातून ऊब चढली, गळ्यात आली, पोटातून खाली उतरली आणि मांड्यांमध्ये पसरली. बाईंनी सांगितलेले सगळे तो विसरला. रक्तच आहे, त्याला वाटले. सगळे इथेच वाहून जाणार, फळीवरून फरशीवर, आणि बाहेर बारक्या पट्टा धरून बसलेला. त्याने डोळे घट्ट मिटले. बापाचे शेवटचे अंथरूण त्याला दिसले, रोज धुऊनही डाग न गेलेले.

पुन्हा थांबणे, पुन्हा श्वास, पुन्हा कडे.

फळी बाहेर आल्यावर त्याने आधी झग्याखाली हात घातला आणि बोटे उजेडात धरली. कोरडी होती. नखांत फक्त निळा होता.

“काही दिसलं का, बाई?”

“डॉक्टर बघून सांगतील. सुई थोड्या वेळानं काढू. तोवर भरपूर पाणी प्या.”

तो तांब्याभर पाणी प्यायला. भावाला सोबत म्हणून धाकटाही तेवढेच प्यायला. मग दोघे मुतारीत शेजारी शेजारी उभे राहिले, लहानपणी उभे राहत तसे. धाकट्याने पट्टा गळ्यात टाकला होता आणि तो शीळ घालत होता.

थोरल्याने जीव मुठीत धरून खाली पाहिले. फिकट, पाण्यासारखे. त्याचा श्वास मोकळा झाला. हसून सांगावे म्हणून त्याने शेजारी मान वळवली. शेजारचे पांढरे भांडे लाल झाले होते.

“बारक्या.”

“काय?”

“हे कधीपासून?”

“म्हणजे काय? लाल हौदावरचा ना मी.”

“हौद कोरडा आहे.”



“इतक्या वर्षांचा मुरलाय, दादा. दोन महिन्यांत थोडाच उतरतो.”

पण धाकट्याने खाली पाहिले नाही. त्याने पाणी सोडले आणि भांडे पांढरे होईपर्यंत भिंतीकडे बघत राहिला. गळ्यातल्या पट्ट्याचे बक्कल तो अंगठ्याने पुसत होता.

थोरल्याने त्याचे मनगट धरले. झग्याच्या नाड्या सुटल्या होत्या, त्याची त्याला शुद्ध नव्हती. अनवाणी पायांनी तो भावाला ओढत त्या जाड दाराशी घेऊन गेला.

“बाई, अजून एकाला बघायचंय.”

“डॉक्टरांची चिठ्ठी आहे?”

“नाही. भाऊ आहे.”

थोरल्याला मुतखडा निघाला. तो फोडून काढला आणि थोरला परत निळ्या हौदावर जाऊ लागला. धाकट्याच्या लघवीच्या पिशवीत गाठ निघाली. तो पुढच्या वर्षी गेला, पुतणीला मुलगी झाली त्याच आठवड्यात.