गा-याऊ

"शर्यतीत जोर द्यायला 'गा-याऊ' ओरडतात, म्हणजे 'तेल ओत'. पण ओतायचं कुठं? गाडीतच ना! मोटारींच्या शर्यतीतून आलाय हा शब्द," बांबूच्या पानातला भात सोडवत सुत-यिंगचा नवरा का-लोक म्हणाला.

"काहीतरीच!" त्याचे शाळामास्तर वडील म्हणाले. "गरिबाघरची पोरं अभ्यासाला बसायची, तेव्हा एक भला अधिकारी त्यांच्या दिव्यांत तेल घालत हिंडायचा. तिथून आलाय."

"ओतायची वेळ आली की तुम्ही बापलेक कुठं असता ते सांगा आधी," सासूबाई म्हणाल्या. "नुसतं ओरडायला काय जातं?"

सुत-यिंगचं लक्ष मात्र नावांच्या शर्यतीकडे लागलं होतं. लाकूड तडकू नये म्हणून वर्षभर खाडीच्या चिखलात पुरून ठेवलेल्या नावा सणासाठी वर काढल्या होत्या, आणि त्यांतली एक, सगळ्यांत जुनी, गावानं पहिल्यांदाच बायकांना दिली होती. गावातले वडीलधारे लुक काका स्पष्टच बोलले होते, "हसं झालं, तर पुढच्या वर्षी ही नाव चिखलातच राहील." आणि आठ महिन्यांच्या लेकीपायी सुत-यिंगचा निम्मा सराव बुडालेला.

शर्यत सुरू झाली तेव्हा दोन्ही काठांवरून एकच गलका उठला. जो तो आपापल्या लयीत ओरडत होता, आणि त्यात नावेतल्या ढोलाचा ठेका बुडून गेला. आपली पोर रडत असेल का? भूक लागली असेल का? सुत-यिंगची छाती दुधानं ठणकत होती. तिनं काठाकडे पाहिलं मात्र, तिचं वल्हं पुढच्या बाईच्या वल्ह्यावर आदळलं.

"झोपलीस काय गं मागे!"

नाव डगमगली. शेजारची नाव सरकन पुढे निघून गेली. पुन्हा ठेका धरावा तर ढोल कानावर येईना.

तेवढ्यात काठावरून एक चिरका आवाज आला. "गा!" मग किंचित थांबून, "याऊ!" ढोल वाजवणाऱ्या हातांवर नजर ठेवून सासूबाई बांधावरून नावेच्या बरोबरीनं धावत होत्या. पाठीला झोळीत बांधलेली पोर गाढ झोपली होती. त्यांचा "गा" बरोबर ढोलाच्या थापेवर पडत होता आणि "याऊ" वल्हं ओढताना. सासूबाई ढोलकऱ्याची मुलगी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण नावेला हात लावायची मुभा त्यांना उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

सुत-यिंगनं तो एकच आवाज धरला. गा, याऊ. गा, याऊ. वल्ही पुन्हा एकदम पाण्यात पडू लागली.

सहा नावांत त्यांची चौथी आली.

सण उलटल्यावर नावा परत पुरायला घेतल्या. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून लुक काकांनी बायकांना हाक मारली, "तुमची कुठं पुरायची? आमच्या शेजारी जागा आहे. पण पुढच्या वर्षी उकरायला तुम्हीच या बायांनो, आमच्या कंबरा गेल्यात."

सुत-यिंग हसत सासूबाईंकडे वळली. त्यांचा घसा अजून बसलेलाच होता. तिच्या कानाशी येऊन त्या घोगऱ्या आवाजात कशाबशा म्हणाल्या,

"पुढच्या वर्षी ढोल माझ्याकडे. पोरगी मास्तरांकडे."