आत्याबाईंची उंची

आत्याबाई ही एक गाडी होती. जुनी, चौकोनी, डोंगरवाटांसाठी बांधलेली, चारही चाकांत जोर असलेली. फोरमनच्या सख्ख्या आत्याने म्हातारपणी ती त्याच्या दारात आणून लावली आणि येताना गाडीने आत्याचे सगळे गुण सोबत आणले. सकाळी उठताना कुरकुर, चढावर धाप, आणि एकदा का बसली की कुणाच्या बापाच्यानेही उठायची नाही. नाव फोरमनच्या बायकोने ठेवलं. "अहो, आत्याबाईंना पाणी पाजलंत का?" असं ती रेडिएटरबद्दल विचारायची, तेही अगदी अदबीने.

फोरमन कारखान्यातून निवृत्त झाला होता, पण गल्लीने त्याला निवृत्त केलं नव्हतं. हाक तीच राहिली होती. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये छोटं लेथ, वेल्डिंगचं मशीन, आणि मधोमध आत्याबाई, तोंडावरचं झाकण उघडं टाकून.

हे सगळं एका डोंगरासाठी चाललं होतं. डोंगरमाथ्यावर हवामानाची चौकी होती आणि लग्नाआधी बायको तिथे नोकरीला होती. पाऊस मोजायचा, वारा बघायचा, खाली कळवायचं. लग्न ठरलं आणि ती खाली आली. खाली आली ती आलीच. पण बोलण्यात तो डोंगर रोज यायचा. "पहाटे ढग आपल्या पायाखाली असतात हो, दुधावर साय धरावी तसे." फोरमनने ते ढग इतक्यांदा ऐकले होते की बघितल्यासारखेच झाले होते. बघितले मात्र नव्हते. आधी पाळ्या, मग ओव्हरटाइम, मग लेकीचं शिक्षण. आता वेळच वेळ होता, तर हिचे गुडघे कुरकुरायला लागले. सपाटीवर ती काठी टेकत हळूहळू चालायची, पण उंच पायरी आली की पाय तिथेच अडायचा. डोंगर पायी चढणं आता या जन्मात नव्हतं. न्यायचं तर गाडीने, आणि गुडघे पुरते रुसायच्या आत न्यायचं.

मागच्या उन्हाळ्यात एकदा निघालेही होते. वाटेत दोन चढांच्या मध्ये सपाटीचा एक तुकडा लागतो. तिथे जमिनीतून दगड असे वर आलेत की चौकीवरची माणसं त्या जागेला दाढा म्हणायची. बायको शेजारच्या सीटवरून म्हणाली, "डावीकडून घ्या."

"गप गं. बघतोय ना मी."

आत्याबाईंनी दाढांवर पोट टेकलं. इंजिनाखालची तेलाची टाकी फुटली आणि दगडांवर काळा ओघळ लागला. मग ट्रॅक्टर, दोरखंड, आणि उलटा प्रवास. घर येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही, आणि तो न बोललेला शब्द फोरमनला वाटभर ऐकू येत राहिला.

"आता उंची वाढवायची," त्याने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं. "पोटाला दगड लागताच कामा नये."

मदतीला पाटेवाला आला. चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे वाकवण्यात आणि जिभेला मोकळं सोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"या वयात आत्याला उंच टाचा घालतोस होय रे?"

"घालतो. दगडांवरून अल्लाद गेली पाहिजे."

"जाईल की. जरा लाजेल, एवढंच."

दोघांनी आत्याबाईंना पार मोकळं केलं. सांगाड्यावरचा गंज खरवडला. जिथे बोट आरपार गेलं तिथे नव्या पत्र्याचं ठिगळ जोडलं. रबरी बुश शिळ्या बिस्किटासारखे हातात चुरा झाले, ते बदलले. पाटेवाल्याने पाट्यांना नवी कमान दिली, वर एकेक पाटा चढवला. फोरमनने लेथवर लोखंडी ठोकळे कातून त्यांच्याखाली सरकवले. मग मोठे टायर आले. गाडी इतकी उचलली गेली की इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा तिरका पडला, आणि सुरू केली की आत्याबाई हुडहुडी भरल्यासारख्या थरथरायला लागल्या. ती थरथर काढता काढता दोघांच्या नाकी नऊ आले.

फोरमन मोजत होता. दांड्याचा कोन, पोटाची उंची, टायरचा घेर. एकदा तर एकटाच पायी दाढांपर्यंत जाऊन एकेक दगड सुतळीने मोजून आला. तिथून माथा हाकेच्या अंतरावर होता, पण तो वर गेला नाही. तिच्याशिवाय ते ढग बघणं त्याला चोरी केल्यासारखं वाटलं.

बायको रोज चहा घेऊन शेडच्या दारात यायची, मान वर करून बघायची. "वाढ चांगली आहे हो आत्याबाईंची," म्हणायची, आणि गुडघ्यावरून हात फिरवत परत जायची. फोरमनच्या कानांना त्यात नुसतं कौतुक ऐकू यायचं. तो आणखी जोरात शीळ घालायचा.

अखेर आत्याबाई अंगणात उतरल्या. धुतलेल्या, तेल पाजलेल्या, लांब पायांवर ताठ उभ्या. फोरमनने शेजारच्या सीटचं दार उघडलं. "चल, एक चक्कर."

बायकोने काठी दाराला टेकवली, वरची मूठ धरली, पाय उचलला. पाय उंबरठ्याच्या खालीच राहिला. दुसरा उचलला. तोही तिथवरच. तिने एकदा आत रिकाम्या सीटकडे बघितलं, मग पाय खाली ठेवला. लहानपणापासून तिला ओळी जुळवून म्हणायची सवय होती, दुःख असलं की जास्तच.

"गाडी चढली उंच, आभाळाला टेके टप,
पायथ्याशी उभी मी, गुडघा म्हणतो गप."

पाटेवाला हसला आणि फोरमनचा चेहरा बघून मध्येच थांबला. मग धावाधाव झाली. स्टूल आणलं, ते डुगडुगलं. एकाने दंड धरला, एकाने पाठ. कशीबशी ती सीटवर बसली. गाल लाल, पदर सुटलेला. क्षणभर काचेतून समोर बघितलं.

"उतरवा मला."

"अगं, आता बसलीस की!"

"बसले. आणि वर पोचल्यावर उतरणार कशी? पाटेवाल्या भाऊजींना टपावर बांधून न्यायचं का?" आवाज हसरा होता, डोळे नव्हते. "धान्याच्या पोत्यासारखी नाही यायची मी माझ्या डोंगरावर."

ती घरात गेली. काठीचा आवाज आतल्या खोलीपर्यंत ऐकू आला.

"खाली लोंबती पायरी लावू," फोरमन म्हणाला.

"पहिलाच दगड उपटून देईल हातात." पाटेवाल्याने हातरुमालाने मान पुसली. "लेका, तू दगड मोजलेस. वहिनींना मोजलंस का?"

फोरमनने पान्यांची पेटी ओढली आणि पाठ टेकून गाडीखाली सरकला.

दुसऱ्या दिवशी बायको चहा घेऊन आली तेव्हा पुढचे ठोकळे निघाले होते, आणि गाडीखालून त्याचे पाय तेवढे दिसत होते. ती डगमगत्या स्टुलावर बसली.

"काय चाललंय?"

"टाचा काढतोय आत्याच्या."

"आणि दाढा?"

खालून पान्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. "नाही माहीत. उंच ठेवली तर तू नाहीस, बुटकी केली तर दाढा पार होत नाहीत." मग, "इतके दिवस बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही शीळ घालत होता." तिने कप खाली ठेवला. "केवढ्या वर्षांनी ऐकली. चालू शीळ कोण बंद करणार?"

तो गाडीखालून बाहेर सरकला. तोंडाला काजळी, केसांत गंज. तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं आणि पदर खराब झाल्याबद्दल त्यालाच बोल लावले.

"चौकीला सामान घेऊन एक गाडी यायची आमच्या वेळी," ती म्हणाली. "आत्याबाईंपेक्षा बसकी. तिला कुठे होत्या टाचा?"

"मग दाढांवरून यायची कशी?"

"पुढे माणूस चालायचा. चाक कुठे ठेवायचं ते हाताने दाखवायचा. पुष्कळदा मीच असायचे." ती स्टुलावरून त्याच्याकडे बघत राहिली. "दगड चुकवायचे असतात हो. उड्या कशाला मारायच्या त्यांच्यावरून?"

"तुला चालवेल?"

"मला चढवत नाही. चालवतं. आणि दाढांवर चढ कुठाय? फक्त..." तिने काठीचं टोक त्याच्या गुडघ्याला लावलं. "मी डावीकडे म्हटलं, तर डावीकडे."

फोरमनने काठीकडे बघितलं. "बरं," म्हणाला.

आत्याबाई पुन्हा बुटक्या झाल्या. पाटेवाल्याने चढवलेली कमान उतरवली, मोठे टायर काढले, पण पाटे मजबूत ठेवले. फोरमनने इंजिनाखाली जाड पत्र्याची ढाल बसवली, आणि दाराजवळ हातात नीट मावेल अशी मूठ. या खेपेला त्याने बायकोला अंगणात उभं केलं, पाय उचलायला लावला, तो जिथवर पोचला तिथे गाडीवर खडूने खूण केली. पाटेवाल्याने हात जोडले. "गाडीला शिंप्यासारखी मापं घेत नसतात, फोरमन."

"नसतील घेत. या खेपेला मी घेतोय."

पहाटे निघायचं ठरलं होतं, पण आत्याबाईंनी उठायला त्रास दिला, आणि दाढांपाशी पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. बायको स्वतःहून उतरली. काठी टेकत गाडीच्या पुढे गेली, दगडांत उभी राहिली, डोळे बारीक केले. तिथली नोकरी सोडून अर्धं आयुष्य झालं होतं, तरी ती वाट आपल्या स्वयंपाकघरासारखी बघत होती, कुठला डबा कुठे ठेवलाय ते ठाऊक असल्यासारखी.

तिचा पंजा डावीकडे वळला. फोरमनला उजवीकडे चांगली मोकळी जागा दिसत होती. पण त्याने चाक डावीकडे वळवलं. पंजा उघडला: या. मिटला: थांबा. दोन बोटं: जरासंच. एकदा ढालीला दगड घासला, दात खाल्ल्यासारखा आवाज झाला. त्याचा पाय ब्रेककडे गेला. तिने मान हलवली. या, या. तो आला. तिच्यामागून, तिच्या चालीने, तिच्या गुडघ्यांच्या वेगाने. तेवढ्या तुकड्यात त्याने दगडांकडे बघितलंच नाही.

शेवटचा दगड मागे गेला तेव्हा ती बाजूला उभी राहिली, धापा टाकत, आणि आत्याबाईंना सलाम ठोकला. मग नवी मूठ धरून आपल्या पायाने आत चढली.

माथ्यावर ढग नव्हते. ऊन लख्ख होतं. चौकीचं छप्पर गेलं होतं, भिंती होत्या, वाऱ्याची दिशा दाखवणारा खांब होता, बाण नव्हता. फोरमनने आधी गाडीच्या पोटाखाली हात घातला. कोरडा. मग तिच्याजवळ आला.

"उशीर झाला. ढग गेले तुझे."

"जाऊ देत. पुन्हा यायला कारण राहिलं." ती काठीने खाली दाखवत होती. "ती चिमणी दिसते?"

सगळ्या गावात एकच चिमणी होती, त्याच्या कारखान्याची. इतक्या वर्षांत त्याने ती कधी वरून बघितली नव्हती.

"इथला बाण सारखा अडकायचा," ती म्हणाली. "मग मी तिच्या धुरावरून वारा कळवायचे. तुमची ओळखदेख व्हायच्या आधी."

फोरमन बघत राहिला. त्या चिमणीखाली तो तेव्हा लेथवर उभा असणार, कानात कापूस, डोंगर वगैरे काही ठाऊक नसलेला.

"आज कुठला वारा?" त्याने विचारलं.

तिने डोळ्यांवर हात धरला. धूर बारीक होता, डोंगराच्या बाजूला कललेला.

"इकडेच येणारा," ती म्हणाली. "आणि ऐका. उतरतानाही मीच पुढे."