एकाच कढईतला लाल

कुलिपाने लोकर थापून केलेले दोन्ही नमदे तंबूपुढच्या गवतावर उलगडले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पाहा, डोळे फाडून पाहा! एकाच कढईत उकळलाय लाल. एकाच दिवशी."

थोरली सून बुरुल आपल्या नमद्याकडे पाहत हसू दाबत होती. काळ्यावर शिवलेली लाल शिंगांची नक्षी निखाऱ्यासारखी पेटली होती. धाकट्या जीपारच्या नमद्यात तोच लाल नारिंगीच्या मांडीला मांडी लावून बसला होता, आणि दिसत होता विटक्या फडक्यासारखा.

"मी कुठं काय म्हणते, आपा?" बुरुल सासूला म्हणाली. "पलीकडच्या तंबूतल्या बायका म्हणतात, म्हातारीनं धाकटीला तळाचा गाळ दिला."

कुलिपाच्या जिव्हारी लागलं. सगळ्या सुनांना एकाच कढईतला रंग द्यायचा, ही या कुरणांवर सासूची अब्रू. त्यातून तो नारिंगी तिनंच हौसेनं निवडलेला. शहरातून आलेली पोर सदा पडल्या चेहऱ्याची, निदान जमिनीवर तरी झळाळी असू दे म्हणून. आता तिचं तिलाच वाटू लागलं, खरंच तळाचा तर नव्हता?

"आणि तू गं? तोंड शिवलंय का? तक्रार असेल तर बोल."

जीपार आत गेली. उरलेल्या लाल नमद्याची एक पट्टी आणून तिने दोन्ही नमद्यांवर आडवी टाकली. एक टोक काळ्यावर, दुसरं नारिंगीवर.

"आता बघा, आपा."

पट्टी एक. काळ्यावरचं टोक पेटलेलं, नारिंगीवरचं विझलेलं. कुलिपाने ती उचलली, फिरवली, टोकांची अदलाबदल केली. तरी तेच.

"चेटूक करतेस का गं?"

"नाही हो. रंग कधी एकटा दिसतच नाही. शेजारी भडक बसला, की मलूल होतो. शेजारी शांत असला, की उठून दिसतो. चित्रशाळेत आधी हेच शिकवतात. हिरवा असता ना, लालाच्या अगदी उलटा, तर शिंगं नमद्यातून उठून चरायला गेली असती."

कुलिपाला हसू आलं. ते तिने ओढणीत पुसलं.

"मग मी नारिंगी घेताना का नाही बोललीस?"

"जाऊबाई बोलत होत्या ना."

"घ्या! शेवटी माझ्याच तोंडाचा दोष!" बुरुल म्हणाली.

कुलिपाने पलीकडच्या बायकांना हाका मारमारून बोलावलं. प्रत्येकीच्या हातात पट्टी दिली, आणि प्रत्येकीच्या जिभेला लागलेला तळाचा गाळ कुठल्या कढईतला, तेही विचारून घेतलं. बायका तळलेले बोरसोक खाऊन, तोंडं पुसून गेल्या.

दुपारच्या चहाला जमिनीवर दस्तरखानाची चादर पसरली. दाराशी चहाचा सामोवार, त्याच्याजवळ दोघी सुना, शेजारी शेजारी. ही मांडणी कुलिपाचीच. बडबड्या बुरुलजवळ बसून धाकटी बोलायला शिकेल, असा तिचा हिशेब होता. बुरुलची टकळी सुरू झाली. जीपार मान खाली घालून वाट्या पुसत होती.

कुलिपाने दोघींकडे पाहिलं, दाराबाहेरच्या नमद्यांकडे पाहिलं. मग उठली, जीपारची गादी उचलली आणि पलीकडे नेऊन शाकिनजवळ टाकली. शाकिन तिची म्हातारी नणंद. घोडी व्यायली, तरच तिच्या तोंडून शब्द फुटायचा.

"आपा, ती तिथं कशाला?"

"तू चहा ओत."

थोड्या वेळाने तिकडे खसखस पिकली. जीपार शहरातल्या घरमालकिणीची नक्कल करत होती, हातवारे करून, डोळे गरागरा फिरवून. शाकिनचे उरलेले सगळे दात दिसत होते.

कुलिपाने रिकामी वाटी बुरुलपुढे धरली.

"ओत गं. आणि जरा हळू बोल. तिकडचं मला ऐकू येत नाहीये."